पोटखराब

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन तिच्या माहेरी, म्हणजे बाळकुमला गेलो होतो. खरं तर मुक्काम एकाच रात्रीचा ठरला होता, तो चार दिवस लांबला. निमित्त झालं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरचं.

जेवणं झाल्यावर मामाने कपाटातून तो फोल्डर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू नकाशेवाला ना? मंग सांग ह्याचं काय करायचं." आत आजोबांच्या खारजमिनीचे सातबारा, जुने आणि नवे, एक फाटलेला नकाशा आणि शेतसाऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या. माझं पोटापाण्याचं काम नकाशांचं आहे हे नातेवाइकांना एकदा कळलं की त्यांना तुम्ही तलाठी, वकील आणि भूमापक असे तिन्ही एकदम वाटायला लागता. असो.

बाळकुम ते गायमुख असा खाडीकिनारी रस्ता होऊ घातला आहे. त्यामुळे खाडीकडची जमीन कुणाची, किती आणि मुख्य म्हणजे 'कसली' याची चर्चा गावात घराघरात चालू आहे. मामाची जमीन त्या रस्त्यात येते की नाही हे नक्की नाही, पण एका शेजाऱ्याने त्याला सल्ला दिला होता, की तिवरं तोडून टाक आणि पिकाच्या रकान्यात भात लावून घे. मामाला माझ्याकडून हवं होतं ते एकच उत्तर: ही जमीन शेती आहे का नाही?

साधा प्रश्न. म्हटलं, दहा मिनिटांत सांगतो.

सातबारावर क्षेत्र होतं १ हेक्टर २९.५ आर. जुन्या भाषेत ३ एकर ८ गुंठे. त्यातलं लागवडयोग्य २ एकर ३४ गुंठे आणि पोटखराब १४ गुंठे. ज्यांचा जमिनीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: आपल्या क्रमांकाच्या पोटात असलेली, पण पीक न देणारी जमीन म्हणजे पोटखराब. खडक, ओढा, नाला, बांध, असलं काही. सरकारी भाषेतला हा शब्द मला लहानपणापासून विनोदी वाटत आलाय. तो या चार दिवसांत तसा राहिला नाही.

बाळकुम कुठे आहे ते आधी सांगायला हवं, कारण ठाण्यात राहणाऱ्यांनाही ते बरेचदा 'माजिवड्याच्या पुढे, भिवंडीच्या रस्त्यावर' एवढंच ठाऊक असतं. राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरात उगवलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याजवळ येते आणि तिथे तिला दोन वाटा फुटतात. मोठी वाट बाळकुम-कोलशेतवरून घोडबंदरकडे जाते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. दुसरी, अरुंद, कळव्यावरून दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत आणि पुढे मुंबई बंदरात. साष्टी हे बेट आहे ते या दोन वाटांमुळेच. बाळकुम या फाट्याच्या जवळ, बेटाच्या काठावर बसलेलं गाव. इथे डोंगराचं गोडं पाणी वरून येतं आणि समुद्राचं खारं पाणी दिवसातून दोनदा खालून येतं.

अशा गावात जमिनीचे प्रकार माणसं पाण्यावरून पाडतात. मामाने दुसऱ्या दिवशी मला काठावर उभं करून बोटाने दाखवले. सगळ्यात पुढे वाहती खाडी. मग ओहोटीला उघडा पडणारा चिखल, जिथे निवट्या आणि खेकडे. मग तिवरं, चिपी. मग बाहेरचा मोठा बांध, त्यात पाणी सोडायची उघाडी. बांधाच्या आत खारी भातशेती, जिच्यात काळा राता किंवा भुरा राता लावायचा, कारण दुसरा भात त्या मिठात टिकत नाही. जिथे बांध नाही किंवा फुटला, ते खाजण. गावाकडे वर आलं की पावसाच्या पाण्यावरची गोडी शेती, आणि गावाचा तलाव. हे सगळं चालत पंधरा मिनिटांच्या आत!

यातलं प्रत्येक काहीतरी देत होतं. चिखलातून आजी कालवणाचं आणायची. तिवरांचं सरपण. खाजणात उधाणाला बोय आणि जिताडा शिरायचा. शेतातून तांबडा तांदूळ. आणि आगरी समाजाचं नावच 'आगर'वरून आलं असं सांगतात, ती मिठागरं खाली मुलुंड-भांडुपला आणि तिकडे भाईंदरला.

आता या सगळ्याची मोजणी कुणी, कधी आणि कशाने केली हे मी शोधायला लागलो आणि दहा मिनिटांचं काम चार दिवसांवर गेलं.

पहिली मोजणी साखळीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची पाहणी केली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. आजचा सातबारा त्याच मोजणीचा पणतू आहे. ती मोजणी अतिशय काटेकोर होती, पण ती होती साऱ्यासाठी. जे पिकतं ते मोजायचं, प्रतवारी लावायची आणि आकारणी करायची. जे पिकत नाही त्याची जागा पोटखराबात, नाहीतर सरकारी पडीत. १८८२ साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खाड्या, खारी भातजमीन, मिठागरं यांची वर्णनं आहेत, आणि ती वाचण्यासारखी आहेत. पण तिथेही बघणाऱ्याची नजर तीच: यातून मीठ किती, भात किती, महसूल किती. निवट्यांवर सारा नव्हता, त्यामुळे निवट्यांच्या चिखलाला रकाना नव्हता.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, आजोबांकडे पूर्वी मोजणीवाले आले होते तेव्हा आजी दारातून ओरडली होती, "आरं, पानी कं साखलीन मोजतान?"

मी जुना नकाशा नव्यावर ठेवून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, की ते १४ गुंठे पोटखराब म्हणजे दुसरं तिसरं काही नसून बाहेरच्या बांधाचा आमच्या वाट्याचा तुकडा आणि त्याच्या पायथ्याची नाळ. नियमाने बरोबरच आहे. बांधावर भात येत नाही. पण तो बांध आहे म्हणून उरलेले २ एकर ३४ गुंठे 'लागवडयोग्य'! ज्याच्या जिवावर शेत उभं, त्याचंच नाव कागदावर खराब.

बांधाचा इतिहासही या कागदांत दडलेला आहे. पूर्वी खारजमिनीचा मालक सावकार किंवा इनामदार असायचा आणि बाहेरचा बांध राखायची जबाबदारी त्याची असायची. (ती तो पाळायचा का, हा प्रश्न वेगळा.) १९४८ साली दोन कायदे झाले. एक कुळकायदा, आणि दुसरा मुंबई खार जमीन कायदा, ज्यात अशा जमिनींच्या बंदिस्तीसाठी मंडळाची सोय होती. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारी कुळं मालक मानली गेली. आमचे आजोबा त्यातलेच. घरात त्या दिवशी गोड केलं होतं असं आई सांगते. तिने तेही ऐकलेलंच, तिचा जन्म नंतरचा.

पण जमीन तुकड्यातुकड्याने मिळाली आणि बांध मात्र सलग होता. एकाच्या शेतासमोर भगदाड पडलं तर खारं पाणी वीस जणांच्या शेतात जाणार. पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. योजनांमध्ये बसलेल्या बंधाऱ्यांची कामं सरकारने केली, अनेक ठिकाणी आजही चालतात. आमचा बांध खाजगीच राहिला. गाव ठाण्यात मिसळलं, १९८२ साली महापालिका झाली, पोरं कारखान्यांत लागली. चिखलात उतरून बांधाला माती लावायला माणूस मिळेना. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला. मामाने दोनचार ठिकाणी अर्ज केले, कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी भोक रुंद झालं. तिसऱ्या वर्षी आजोबांनी रात्याचं बियाणं खाऊन टाकलं. हे मामाचेच शब्द. बियाणं खाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

मग शेतात तिवरं उगवली. सातबारा मात्र होता तिथेच आहे. कागदावर अजूनही २ एकर ३४ गुंठे लागवडयोग्य.

दुसरी मोजणी आकाशातून झाली. 

१९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली आला. रामसरची व्याख्या फार उदार आहे: नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, कायमची असो वा तात्पुरती, गोडी असो वा खारी, सगळी पाणथळ, समुद्राचं पाणीसुद्धा, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असेल तर. या व्याख्येने मामाने बोट करून दाखवलेलं सगळंच्या सगळं पाणथळ ठरतं. भातशेती धरून.

पण करारात येणं वेगळं आणि मोजणं वेगळं. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने, म्हणजे इस्रोच्या 'सॅक'ने, १९९२-९३ च्या उपग्रह चित्रांवरून देशातल्या पाणथळ जागांची पहिली मोजदाद केली, ती १९९८ मध्ये छापली गेली. भातशेती आणि नद्या सोडून सुमारे ८२.६ लाख हेक्टर. मग २००६-०७ च्या चित्रांवरून दुसरी, जास्त बारीक. तिचा राष्ट्रीय अ‍ॅटलास २०११ मध्ये आला. आकडा झाला १५२.६ लाख हेक्टर, देशाच्या क्षेत्राच्या ४.६३ टक्के. पंधरा वर्षांत पाणथळ जागा जवळपास दुप्पट? अर्थातच नाही. दुसऱ्या वेळी नद्या धरल्या होत्या आणि नकाशा मोठ्या प्रमाणावरचा होता. पट्टी बदलली की वस्तू बदलते, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य.

या दुसऱ्या अ‍ॅटलासमध्ये १९ प्रकार आहेत. खाडी वेगळी, भरती-ओहोटीतला चिखल वेगळा, खारफुटी वेगळी, मिठागर वेगळं, तलाव वेगळे, धरणं वेगळी. मला हे पाहून आनंद झाला. मामाच्या यादीच्या बरंच जवळ जाणारं काहीतरी पहिल्यांदाच सरकारी कागदावर आलं होतं. साखळीने जो चिखल सोडला होता, त्याला उपग्रहाने रकाना दिला. फक्त भातशेती त्यांनी मोजली नाही.

पण आकाशातल्या डोळ्यालाही मर्यादा आहेत. वापरलेल्या चित्रातला सगळ्यात लहान ठिपका जमिनीवर साधारण २३.५ मीटर लांब-रुंद. म्हणजे साडेपाच गुंठ्यांना एक रंग. आमचा १४ गुंठ्यांचा बांध त्यात अडीच ठिपके, तोही लांबट असल्यामुळे कशातच नीट न बसणारा. आणि नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. त्यावर ३ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटरपेक्षा लहान आकृती काढता येत नाही, काढली तरी वाचता येत नाही. आता गणित करा: ३ मिलिमीटर गुणिले ५०,००० म्हणजे १५० मीटर. १५० गुणिले १५० म्हणजे २२,५०० चौरस मीटर. म्हणजे २.२५ हेक्टर. साडेपाच एकरांहून थोडं जास्त.

हा २.२५ चा आकडा लक्षात ठेवा, मंडळी. त्याहून मोठ्या जागांची सीमा आखली गेली. देशभरात अशा २,०१,५०३. त्याहून लहान जागा नुसते बिंदू, अशा ५,५५,५५७. महाराष्ट्रात एकूण ४४,७१४ जागा नोंदल्या गेल्या, त्यातल्या २३,०४६ बिंदू. म्हणजे आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त पाणथळ जागांना नकाशावर काठच नाही. गावोगावचे छोटे तलाव बहुतेक यात आले.

याला कुणाचा कट म्हणता येणार नाही. पेन्सिलीची जाडी आहे ती. पण पुढे काय झालं पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की या २,०१,५०३ जागांना २०१० च्या पाणथळ नियमांमधल्या तत्त्वांनुसार संरक्षण द्या. फार मोलाचा आदेश. पण अशा रीतीने नकाशा काढणाऱ्याच्या सोयीचे ३ मिलिमीटर कायद्याची सीमा होऊन बसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे नियम आले. त्यांत नदीची पात्रं, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी केलेले साठे आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक, सिंचन यांसाठी मुद्दाम केलेल्या रचना व्याख्येबाहेर गेल्या. ज्या मिठागराला अ‍ॅटलासमध्ये रकाना होता, ते नियमांत पाणथळ राहिलं नाही. किनारा नियमन क्षेत्रातल्या जागाही या नियमांतून वगळल्या, कारण त्यांना वेगळा कायदा आहे. २०२४ मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गकडची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घ्यायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला एवढंच दिसतं, की आधी रकाना जातो, मग जागा जाते.

आता जरा नदीच्या वर जाऊ, कारण खाडी एकटी मोजून चालत नाही, तिचं पाणलोट क्षेत्र धरावं लागतं. उल्हासच्या पाणलोटात वर बारवीचं धरण आहे, भातसाचं धरण आहे. अ‍ॅटलासच्या बेरजेत धरणाचा जलाशय म्हणजे पाणथळ जागाच. म्हणजे वर एका खोऱ्यात गावं आणि झाडी बुडाली की बेरीज वाढते. खाली खाडीत चिखलावर भराव पडला की कमी होते. आणि दोन्ही मिळून राज्याचा आकडा जागेवर! आणखी गंमत म्हणजे तानसा नदी ही वैतरणेच्या खोऱ्यातली. तिच्यावर १८९२ साली धरण पूर्ण झालं आणि तिथलं पाणी मोठाल्या नळांतून कशेळीजवळ आमची खाडी ओलांडून बाळकुमवरून मुंबईला जायला लागलं. लहानपणी त्या नळांच्या शेजारून आम्ही खाडीवर जायचो. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्याच्या डोक्यावरून तिसऱ्याच्या तोंडात. ते आमच्या तलावात कधी उतरलं नाही, एवढं मात्र खरं.

आता खारफुटीकडे येतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राची खारफुटी २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर, २०१५ साली २२२, २०१७ साली ३०४. वाचून कुणालाही वाटेल, सगळं उत्तम चाललंय. संरक्षणाचा वाटा त्यात नक्की आहे. २००५ साली उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली, २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष सुरू झाला, आणि २०१८ च्या अंतिम निकालाने खाजगी जमिनीवरच्या खारफुटीलाही तेच संरक्षण आणि भोवती ५० मीटरचा पट्टा दिला. पण ठाण्याच्या खाडीत दुसरंही काही घडतंय. गाळ साचून चिखल उंच होतो, आणि त्यावर तिवरं पुढे सरकतात. खारफुटीचा आकडा वाढतो तो उघड्या चिखलाच्या आकड्यातून. निवटी आणि फ्लेमिंगो या दोघांनाही उघडा चिखल लागतो, हे आकड्यांच्या बेरजेला कळत नाही. २०१५ साली ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर फ्लेमिंगो अभयारण्य झालं. १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग. निदान तिथे प्रकार वेगवेगळे मांडले आहेत, हे मला बरं वाटतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये भोवतालचा पट्टा धरून ६,५२१ हेक्टर ठाणे खाडी 'रामसर स्थळ' झाली. तेव्हा मी मामाला फोन करून अभिनंदन केलं होतं. नंतर नकाशा नीट पाहिला. ती रेघ दक्षिणेच्या खाडीभोवती आहे. आमची उत्तरेची वाट तिच्यात नाही.

चौथ्या दिवशी मी आणि मामा जमीन मोजायला उतरलो. किती वाजता जायचं, विचारलं, तर मामाने बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ; आपण खाडीत आत, म्हणून वर तासभर धरायचा. अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सातला भरती. मग ओहोटी दुपारी एकच्या सुमारास. मोबाइलवर पाहिलं, फार फरक नव्हता. अष्टमी म्हणजे भांग, पाणी फार मागेही जात नाही आणि फार वरही येत नाही. "अमावास्येला आला असतास तं चिखल दुप्पट दिसला असता," मामा म्हणाला. उपग्रह इथून सकाळी साडेदहाच्या आसपास जायचा. त्या दिवशी तिथी कोणती होती, यावर चिखलाचा रकाना ठरत असेल, हा विचार मला गुडघाभर गाळात उभा असताना पहिल्यांदा आला. इतकी वर्षं मी या चित्रांवर काम करतोय!

टेप, दोन बांबू, मोबाइलचं जीपीएस. मोजमाप असं आलं: तिवरं २ एकर ५ गुंठे. उघडा चिखल २० गुंठे. फुटलेल्या जागेतून आत आलेली नवी नाळ ९ गुंठे. आणि जुन्या बांधाचा उंचवटा व त्याची नाळ, १४ गुंठे. एकूण ३ एकर ८ गुंठे. जमीन तेवढीच. प्रकार सगळे बदललेले, फक्त पोटखराब जागच्या जागी. मोडलेल्या बांधावर मामाने चप्पल झटकली आणि बसला.

मी त्याला खरं ते सांगितलं. मामा, ही शेती नाही. कागदावर आहे, पण इथे नाही. तोडलंस तर गुन्हा होईल, आणि उपग्रहाकडे वीस वर्षांची चित्रं आहेत, लपणार काहीच नाही. भात लावून घेण्याच्या भानगडीत पडू नकोस.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बांध फुटला तवा कोनी मोजायला आला नाय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. बांध होता तेव्हा ते नियमाने भातशेत होतं, म्हणून पाणथळ नव्हतं. बांध फुटला तेव्हा ते वाईट झालेलं शेत होतं, म्हणून कुणाच्याच कामाचं नव्हतं. आता ते खारफुटी आहे, म्हणून सगळ्यांचं आहे. आणि मामाचं फक्त सातबारावर. खाडीचं भलं कशात आहे ते मला स्वच्छ कळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हासने बदलापूर-कल्याण बुडवलं, तेव्हा पाण्याला पसरायला जागा का लागते हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण ती जागा कुणाच्या तरी तीन एकरांतून येते. त्या तीन एकरांचं काय, याचा रकाना मला अजून कुठल्याच मोजणीत सापडलेला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २.२५ हेक्टरवरच्या जागांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा, सीमा आखा, असं राज्यांना सांगितलं. नव्या मोजणीत त्या जागा २,३१,१९५ झाल्या आहेत. प्रत्यक्ष जाऊन, हे मला महत्त्वाचं वाटतं. जाणाऱ्याने तिथी पाहून जावं आणि सोबत गावातलं एखादं म्हातारं माणूस घ्यावं. रंगीत ठिपक्यांपेक्षा ते जास्त सांगेल.

निघायच्या आदल्या रात्री मी एक नकाशा काढला. साधाच, १:१,००० चा. त्यावर आमचे ३ एकर ८ गुंठे नीट मोठे दिसतात. तिवरं हिरवी, चिखल करडा, नाळ निळी. तारीख आणि तिथी घातली. कोपऱ्यात मामाच्या आठवणीवरून १९८५ च्या आसपासची स्थिती: बांध, उघाडी, रात्याचं शेत. त्या १४ गुंठ्यांवर पोटखराब लिहिणं भाग होतं, कागदाशी जुळायला हवं ना. ते लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात 'बाहेरचा बांध' असंही लिहिलं.

मामाने तो फोल्डरमध्ये ठेवला. शेजाऱ्याला त्याने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण परवा आईशी फोनवर बोलताना म्हणाला म्हणे, तिवरं आहेत तिथेच आहेत, आणि या अमावास्येला निवट्या बऱ्या मिळाल्या.